उत्तराची तसदी घेऊ नये

ओसाकाचा माणूस मनात येईल ते बोलून मोकळा होतो, अशी आमची ख्याती आहे. कुवाबारा शिगेकी हा त्या ख्यातीला लागलेला डाग. जन्म ओसाकाचा, शाळा ओसाकाची, वजनकाट्यांच्या कंपनीत सुट्या भागांच्या टेबलावरची नोकरी ओसाकाचीच. पण आई क्योतोची. क्योतोच्या बाईच्या हाताखाली वाढलेलं पोर भूक लागली तरी 'जेवायला वाढ' म्हणत नाही. 'आज स्वयंपाकघरातून वास फार सुरेख येतोय' म्हणतं आणि उपाशी बसून राहतं. कुवाबाराचं अर्धं बालपण असंच गेलं, असं त्याची बायको सेत्सुको चारचौघांत सांगायची. ती अस्सल ओसाकाची.

कंपनीत त्याला मान होता तो सुट्या भागांमुळे नव्हे, पत्रांमुळे. कुणाचा सासरा वारला, कुणाला बढती मिळाली, कुणाच्या दुकानाला आग लागली, की माणसं त्याच्या टेबलाशी येऊन उभी राहायची. मग कुवाबारा चष्मा कपाळावर चढवायचा, 'छे छे, मला कुठे येतं' म्हणून थोडं अवघडायचा (अवघडायला त्याला मनापासून आवडे), आणि असा मजकूर काढून द्यायचा की वाचणाऱ्यानं मान खाली घालून नुसतं बसून राहावं. आपण एरवी फारशा कामाचे नाही, हे त्याला छप्पन्नाव्या वर्षी पुरतं कळून चुकलं होतं. आपण रांगेत उभे राहिलो की तीच रांग अडते, आपण दुरुस्त केलेला नळ जास्त गळतो. पण पत्र लिहावं तर कुवाबारानं, एवढी एक गोष्ट त्यानं स्वतःजवळ राखून ठेवली होती.

आणि तिकडे नोटोला नाकादे कुनिओ होता.

नोटो म्हणजे उत्तरेच्या समुद्रात शिरलेली जमिनीची चिंचोळी पट्टी. तिथल्या मासळीबंदरांवरचे, भाताच्या गिरण्यांतले, दवाखान्यांतले काटे दुरुस्त करायला कंपनीचा एकच माणूस होता, तो हा. छोटी पांढरी गाडी, मागे अवजारांच्या पेट्या, आणि दर आठवड्याला ओसाकाला एक-दोन फोन. सुरुवात ठरलेली: "कुवाबारासान, नाकादे बोलतोय. आलो परत तुम्हाला त्रास द्यायला." मग खाऱ्या हवेनं खाल्लेल्या स्प्रिंगांची मागणी, मग हवापाणी, मग त्या दिवशी जाळ्यात काय आलं ते. दहा-बारा वर्षांत दोघं भेटले एकदाच, ओसाकातल्या वर्षअखेरच्या मेजवानीत. नाकादे कोंड्यात मुरवलेले तारली मासे घेऊन आला होता आणि संध्याकाळभरात एकदाच बोलला: "हे फुमिएनं केलेत." फुमिए त्याची बायको. याला मैत्री म्हणावं असं काही नव्हतं. पण ज्या आठवड्यात नाकादेचा फोन येत नसे, त्या आठवड्यात कुवाबाराला चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. नाकादेला तर मुळीच नाही.

त्या वर्षीच्या पहिल्याच दिवशी, दुपार कलताना, कुवाबारा पांढऱ्या मिसोच्या रश्श्यातली मोची, नव्या वर्षाची ती तांदळाची चिकट वडी, तिसऱ्यांदा वाढून घेऊन टीव्हीसमोर पसरला होता. तेवढ्यात वरचा दिवा हलायला लागला. दिवा हलला म्हणून आमच्याकडे कुणी लगेच उठत नाही. आधी सगळे दिव्याकडे बघत राहतात.

"मोठा आहे," सेत्सुको म्हणाली.

"लांबचा आहे," कुवाबारा म्हणाला.

दोघांचंही खरं होतं. टीव्हीवरचं सणाचं गाणंबजावणं मध्येच तुटलं आणि निवेदिका ओरडायला लागली: पळा, आत्ताच्या आत्ता उंचावर पळा, मागे वळून बघू नका! एरवी ही माणसं बातम्या अशा सांगतात की ऐकता ऐकता डुलकी लागावी. तिचा तो आवाज ऐकून कुवाबाराच्या हातातला वाडगा तसाच राहिला. नकाशावर नोटोचा किनारा जांभळा झाला होता, म्हणजे त्सुनामीचा सर्वांत मोठा इशारा.

"तुमचा तो तारलीवाला तिथलाच ना?" सेत्सुको म्हणाली. "फोन करा, बाबा." मुलगी लग्न होऊन गेली तरी ती नवऱ्याला बाबाच म्हणते, ही खोड आमच्याकडे घरोघरी आहे.

कुवाबारानं फोन हातात घेतलाही. पण पडद्याखालून पट्टी सरकत गेली: अगदी निकड नसेल तर तिकडे फोन करू नका, लाइनी मोकळ्या ठेवा. त्यानं फोन खाली ठेवला.

"आपल्या फोनला निकड म्हणता येईल का गं?"

"मला काय विचारता? माणूस तुमचा."

"त्यांची बॅटरी जाईल उगाच. आणि पळत असतील ते. पळताना फोन वाजला तर थांबतील. तुला नाकादेसान माहीत नाहीत, थांबून आधी माझी माफी मागतील."

यावर सेत्सुको काही बोलली नाही. असं वर्षातून एकदा होतं, आणि त्या वर्षीचं ते पहिल्याच दिवशी होऊन गेलं.

मग कुवाबारानं त्याला जे येत होतं ते केलं. तो संदेश लिहायला बसला. अडचण पहिल्याच शब्दाला आली. वर्षाचा पहिला दिवस, म्हणजे शुभेच्छांनीच सुरुवात करायला हवी. पण ज्याच्या पायाखालची जमीन हलतेय त्याला शुभेच्छा कसल्या देता? शुभेच्छा खोडल्या. 'पुन्हा धक्के बसण्याचा संभव आहे' असं लिहिलं. तर संकटाच्या पत्रात 'पुन्हा' चालत नाही. तो शब्द लिहिला की संकट वाट चुकून परत येतं, अशी आमची समजूत. 'पुन्हा' खोडला. 'फार काळजी वाटते' लिहिलं. मग वाटलं, त्याला त्याच्या काळज्या काय कमी आहेत की आपलीही त्याच्या डोक्यावर द्यावी? काळजीही खोडली. समोर पडद्यावर घरं आडवी होत होती, कुठे धूर दिसत होता, आणि या माणसानं मिसोचा रस्सा गार होईपर्यंत खपून पुढचा मजकूर सिद्ध केला:

'नाकादेसान, भूकंपाच्या वृत्ताने अंतःकरण व्यथित झाले आहे. आपण व आपले कुटुंबीय सुखरूप असावेत अशी मनोमन प्रार्थना करतो. या प्रसंगी आपणांस अनंत व्यवधाने असतील, तरी या संदेशास उत्तर देण्याची तसदी कृपया घेऊ नये. कुवाबारा.'

शेवटचं वाक्य त्याला इतकं साधलंसं वाटलं की त्यानं ते सेत्सुकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती टीव्हीकडे बघत डोळे पुसत होती. "हं, हं, पाठवा," ती म्हणाली.

त्यानं पाठवला. वाचला गेला की अशा संदेशाखाली बारीक अक्षरांत 'वाचलं' असं उमटतं. ते उमटलं नाही.

संध्याकाळी शाखाप्रमुख इनुईचा निरोप कचेरीतल्या सगळ्यांच्या फोनवर आला. भूकंप झाला की मुख्य कचेरीचं यंत्र प्रत्येक नोकराला 'सुखरूप आहात का' असं आपोआप विचारतं आणि माणसानं एक बटण दाबायचं असतं. पण नाकादे साठीचा झाला तेव्हा कागदोपत्री निवृत्त होऊन कंत्राटावर राहिला होता, आणि यंत्राच्या लेखी कंत्राटी माणूस माणसांत मोडत नाही. तेव्हा त्याची विचारपूस आपल्यालाच करायला हवी, असं इनुईनं लिहिलं होतं. 'कुणी संपर्क केला आहे का? काय लिहावं ते सुचत नाही.'

काय लिहावं ते सुचत नाही! कुवाबाराला आयुष्यात अशी संधी फार वेळा मिळाली नव्हती. 'मी असं लिहिलं आहे, उपयोगी पडल्यास कृपया घ्यावं,' असं म्हणून त्यानं आपला मजकूर सगळ्यांना पाठवून दिला. धन्यवादांचा पाऊस पडला. 'शेवटचं वाक्य वाचून डोळे भरून आले,' असं हिशेबखात्यातल्या तात्सुमीनं लिहिलं. तासाभरात कचेरीतल्या तीसेक माणसांनी नाकादेला तोच मजकूर, जसाच्या तसा, आपापलं नाव खाली घालून पाठवला. तात्सुमी तेवढी घाईत खालचं नाव बदलायला विसरली, त्यामुळे नाकादेला कुवाबाराचेच दोन संदेश गेले.

सुट्ट्या संपून कचेरी उघडली तरी 'वाचलं' उमटलं नव्हतं. नोटोच्या अलीकडच्या कानाझावा शाखेला विचारलं, तर त्यांनी सांगितलं की रस्ते जागोजाग खचलेत, पलीकडे कुणी जाऊच शकत नाही, फोनचे मनोरेही बंद आहेत. कुवाबारा टेबलाच्या कडेला फोन उताणा ठेवून काम करायचा. काम म्हणजे काय, चुका. कोबेच्या गिरणीला त्यानं तान्ह्या बाळांच्या काट्याचं पारडं पाठवून दिलं. गिरणीवाल्यानं फोन करून विचारलं, "आता पोती पाळण्यात घालून मोजायची का हो?"

इनुईच्या मनात आलं, नोटोला सामानाची पेटी पाठवावी. रस्ते उघडतील तेव्हा जाईल. आता कुवाबारा या प्रश्नात शिरला: पेटीला दोरी कुठल्या रंगाची आणि गाठ कुठली? लाल-पांढरी दोरी शुभकार्याची, ती नको. फुलपाखराची गाठ सुटते आणि परत बांधता येते, म्हणजे संकटही परत बांधून येईल, तीही नको. घट्ट गाठ म्हणावी तर ती मयताची वाटते. दुपारभर तो गाठीवर बोलत राहिला. शेवटी इनुई म्हणाला, "कुवाबारासान, चिकटपट्टी लावू या," आणि कुवाबाराला पहिल्यांदाच आपल्या विद्येची किंचित लाज वाटली. फार नाही, किंचित.

मग एका सकाळी त्यानं फोन पाहिला आणि तिथे ते बारीक 'वाचलं' उमटलं होतं.

"वाचलं!" तो उभा राहून ओरडला. ओरडणं त्याच्या स्वभावात नव्हतं, त्यामुळे शेजारचा माणूस आग लागली समजून उठला. सगळ्यांनी आपापले फोन काढले. इनुईचा वाचला होता, तात्सुमीचा वाचला होता, गोदामातल्या माणसांचेही वाचले होते. म्हणजे नोटोत कुणीतरी बसून एकच मजकूर तीस वेळा वाचला होता. इनुईनं सगळ्यांसाठी गोड डाळीचे पाव मागवले. कुवाबारानं दोन खाल्ले.

त्या दिवशी उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

आता त्या 'वाचलं'कडे बघवेना. वाचलं, पण कुणी? "माझे काका वारले ना," तात्सुमी हळूच म्हणाली, "तर काकू वर्षभर त्यांचा फोन चार्ज करून त्यांचे निरोप वाचायची. आम्हाला दिसायचं, काकांनी वाचलं म्हणून." ती हे कुवाबाराला उद्देशून म्हणाली नव्हती, पण तो उठला. तो मोज्यांवरच गोदामात गेला आणि स्प्रिंगांच्या कप्प्यांसमोर जरा वेळ उभा राहिला. नाकादेनं मागवलेल्या स्प्रिंगा तिथे बांधून तयार होत्या.

आणि खरं सांगायचं तर, त्याच्या मनाच्या अगदी तळाशी आणखी एक गोष्ट होती, जी त्याला स्वतःलाही कबूल करवत नव्हती. तो थोडा रुसला होता. इतका सुरेख मजकूर वाचून माणूस 'आभारी आहे' एवढंही म्हणत नाही? डोक्यावर छप्पर आहे की नाही माहीत नसलेल्या माणसाकडून आपण शाबासकीची वाट बघतोय, हे ध्यानात आल्यावर कुवाबाराला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण मारली नाही, कचेरीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीला तो पाव हातात धरून नुसता बसला होता. सेत्सुकोनं त्याच्या हाताखालचा फोन ओढून घेतला आणि चष्मा लावून तो मजकूर पहिल्यांदाच नीट वाचला. शेवटच्या वाक्याशी येऊन तिनं चष्मा काढला.

"बाबा, हे काय लिहिलंय?"

"काय?"

"'उत्तर देण्याची तसदी घेऊ नये.' तुम्ही त्याला सांगितलंत उत्तर देऊ नका. तो देत नाहीये. मग गेले आठ दिवस घरात सुतक कसलं पाळताय?"

"अगं, तसं लिहायची रीत आहे. त्याच्यावर ओझं नको म्हणून. कुणालाही कळतं, की जमलं तर..."

"कुणाला कळतं? तुमच्या आईला कळत असेल! त्यांनी मला आठ वर्षं 'राहू दे गं, बस' म्हटलं, आणि मी बसले की तोंड फिरवायच्या. तो बिचारा नोटोचा माणूस, त्याला 'नको' म्हणजे नकोच कळणार ना? आणि तुम्ही एकटे असतात तर ठीक, तुम्ही सगळ्या कचेरीला शिकवून ठेवलंत. तीस जणांनी मिळून सांगितलंय त्याला, बाबा रे, बोलू नकोस."

तीस जणांनी मिळून. कुवाबारानं तो प्रसंग डोळ्यांसमोर आणून पाहिला: कुठल्यातरी थंडगार शाळेच्या फरशीवर नाकादे फोन उघडतो. एक निरोप, बोलू नकोस. दुसरा, बोलू नकोस. आणि त्यातले दोन खुद्द कुवाबाराचे.

"पाव तरी खा," सेत्सुको म्हणाली. आवाज जरा उतरला होता. तो पाव तसाच ठेवून निघाला.

कचेरीत पोचल्या पोचल्या तो दुसरा संदेश लिहायला बसला. अशा वेळीसुद्धा त्याला लिहायचंच सुचलं, यावरून माणूस ओळखावा. 'पूर्वसंदेशात उत्तराची तसदी घेऊ नये असे नमूद केले होते, तथापि...' तथापि! त्यानं तो शब्द खोडला. 'सदर सूचना मागे घेण्यात येत असून...' हे तर नगरपालिकेनं पाणी सोडण्याची वेळ बदलावी तसं झालं. 'सवड झाल्यास, बॅटरीस धक्का न लागता, केवळ एक अक्षर...' एक अक्षर कुठलं? तेही आपणच सुचवावं काय? आयुष्यभर लोकांच्या दुःखाला दोन बोटांनी धरून कागदावर ठेवलं, आणि आज 'तुम्ही जिवंत आहात का' एवढं विचारता येत नाही.

त्यानं लिहिलेलं सगळं पुसलं आणि फोनचं बटण दाबलं.

तिकडे घंटी वाजायला लागली. वाजत राहिली. इतका वेळ वाजली की कुवाबारा मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवू लागला. मग खरखर झाली, मागे कुठेतरी लहान मुलं ओरडत होती, आणि मग तोच सावकाश आवाज आला.

"हॅलो? कुवाबारासान का? अरेरे, तुम्हाला फोन करायला लागला. माफ करा हं."

"नाकादेसान! आहात! आहात ना?" असं कुवाबारा म्हणाला आणि टेबलाला धरून समोरच्या कपाटाला वाकून वाकून नमस्कार करू लागला. सारी कचेरी उठून त्याच्याभोवती गोळा झाली. इनुईनं खूण केली, आवाज मोठा कर, आम्हालाही ऐकू दे. कुवाबारानं स्पीकर लावला. तात्सुमी रडायला लागली होती.

"आहे, आहे. शाळेच्या व्यायामशाळेत आहे. घर नाही राहिलं."

"अहो, मग कळवायचं नाही? आम्ही इथे मेलो काळजीनं! तुम्ही वाचलंत ते दिसलं, आम्ही पाव वाटले, आणि तुमचा पत्ता नाही! एक ओळ लिहायला काय झालं होतं?" जीव भांड्यात पडला की माणूस आधी रागावतो, क्योतोच्या आईच्या मुलाचंही तेच झालं.

"हो ना, चुकलंच," नाकादे म्हणाला. "पण तुम्ही लिहिलं होतं ना, तसदी घेऊ नये म्हणून. मग इनुईसानांनीही तेच लिहिलं. मग गोदामातल्या लोकांनीही. मला वाटलं, कंपनीचा हुकूमच निघाला असेल. तुमचा तर दोनदा आला. म्हटलं, कुवाबारासान इतकं निक्षून सांगतायत म्हणजे खरंच कामात असतील."

कचेरीत हशा पिकला. कुवाबाराही हसला, हसता हसता त्याच्या नाकातून पाणी आलं. आता हा प्रसंग आपल्या निवृत्तीच्या समारंभात सांगितला जाणार, हे त्याला दिसत होतं, आणि त्याची काही तक्रार नव्हती. सांगू देत. माणूस जिवंत होता.

"शाळेत जनित्र आहे," नाकादे पुढे सांगत होता, "पाळीपाळीनं फोन चार्ज करून मिळतो. शाळेच्या चढावर गेलं की जरा रेंज येते. रोज जायचो वर. रोज लिहायला घ्यायचो. फार नाही, एवढंच लिहायचं होतं की फुमिए गेली. पण मग परत तुमचे सगळ्यांचे निरोप वाचायचो. ही सगळी भली माणसं सांगतायत की नको. म्हटलं, सणाचे दिवस, त्यांच्या गळ्यात हे कशाला घाला?"

हसणं एकदम थांबलं असं झालं नाही. मागच्या दोघांना नीट ऐकू आलं नव्हतं, ते जरा वेळ हसतच होते. मग तेही थांबले.

कुवाबारानं स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला. त्याच्याजवळ अशा वेळची वाक्यं होती. नवरा गेला तर एक, आई गेली तर एक, अवेळी गेलं तर एक, पिकल्या वयात गेलं तर एक. गेली तीस वर्षं त्यानं ती लोकांना काढून दिली होती आणि लोकांनी त्याच्यासाठी साकेच्या बाटल्या आणल्या होत्या. आता त्यातलं एक तरी तोंडात यावं म्हणून तो थांबला. एकही आलं नाही. जे आलं, ते मरणाच्या घरी कुणीही विचारू नये असं आमच्याकडे शाळकरी पोरालाही बजावलेलं असतं.

"कशी हो?" त्यानं विचारलं. "कशी गेली?"

पलीकडे नुसता मुलांचा गलका आणि वारा. कुवाबाराला वाटलं, संपलं. आपण या माणसाला दोनदा मारलं, एकदा सभ्यपणानं आणि एकदा असभ्यपणानं.

"कुणी विचारलंच नाही अजून," नाकादे म्हणाला. "इथे विचारणार तरी कोण? सगळ्यांचंच कुणी ना कुणी गेलंय." मग म्हणाला, "चहा पीत होतो आम्ही. ती म्हणाली, गोड काहीतरी हवं. मागच्या कोठीत सुकवलेल्या पर्सिमन फळांची माळ टांगलेली होती. मी म्हटलं, तू बस, मी आणतो. तर म्हणाली, तुम्हाला काही सापडायची नाही ती. डोळ्यांसमोर असेल आणि तुम्ही मलाच हाका माराल. असं म्हणाली आणि गेली आत."

"हो," कुवाबारा म्हणाला.

"मी हसत होतो हो, कुवाबारासान. ती आत गेली तेव्हा मी हसत होतो."

कुवाबाराला काही दिसेनासं झालं होतं. तो चाचपडत गोदामाच्या दारापर्यंत गेला आणि कप्प्यांच्या मधल्या फरशीवर सूट-टायसकट बसला. फोनमध्ये खरखर वाढली.

"कुवाबारासान? आहात का? माफ करा, मी आपला बोलतच सुटलो. तुमची कामं खोळंबली असतील, ठेवतो मी..."

"कामं गेली खड्ड्यात!" कुवाबारा ओरडला. इतक्या मोठ्यानं, की बाहेर इनुई दचकला आणि त्यानं गोदामाचं दार हळूच लोटून घेतलं. "ठेवायचं नाही! मी इथेच आहे. सांगा मला. मग? मग काय झालं?"

नाकादे सांगू लागला. आधी तुटक, मग जरा सलग. कोठीचं छप्पर, शेजाऱ्यांनी आणलेली करवत, तिचा दिसणारा हात. आवाज मध्येच जायचा, मध्येच यायचा. कुवाबारा दर वाक्याला मोठ्यानं 'हो' म्हणत होता, कारण तो जरा गप्प राहिला की पलीकडचा माणूस माफी मागायला लागायचा.